मोटर असलेल्या चाकाचे पंक्चर काढायचे कोणी?

सायकलच्या दुकानदाराने मागच्या चाकातील मोटर पाहिली आणि सरळ हात वर केले. ‘मोटरवाल्या चाकाला आम्ही हात लावत नाही, वायर तुटली तर भरून कोण देणार?’ एवढे बोलून तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. ज्याच्याकडून ही ई-सायकल घेतली त्या विक्रेत्याने फोनवर सांगितले की बॅटरी, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) आणि डिस्प्ले एवढेच त्याच्याकडे येते, पंक्चर हे सायकलवाल्याचे काम आहे. एक म्हणतो ती मोटर आहे, दुसरा म्हणतो ती सायकल आहे, आणि या टोलवाटोलवीत मी चोवीस-पंचवीस किलोचे धूड, मागचा टायर रिमखाली चेपला जाऊ नये म्हणून मागून उचलून धरत, रस्त्याच्या कडेने ढकलत नेते आहे.

पंक्चर साधे असते तर मी कोणाच्या दारात गेलेच नसते. ट्यूबला मध्येच कुठेतरी भोक पडले असेल तर चाक न काढताही काम होते. टायरची एक कड रिमवरून उतरवायची, ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढायचा, घासून सोल्यूशन लावायचे आणि पॅच दाबून बसवायचा. पण माझी ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटली होती. मोटर असलेल्या चाकात असे होऊ शकते, कारण हवा कमी असली की मोटरच्या ओढीमुळे टायर रिमवर किंचित सरकतो आणि ट्यूबला आपल्याबरोबर खेचतो, व्हॉल्व्ह मात्र रिमच्या भोकात अडकून राहतो. त्या जागी पॅच धरत नाही. ट्यूबच बदलावी लागते, ट्यूब बदलायची तर चाक काढावे लागते, आणि चाक काढायचे तर मोटरची वायर सोडवावी लागते. माझा संताप या वायरीवर आहे.

ही वायर ॲक्सलच्या टोकातून बाहेर येते आणि तिच्या कनेक्टरमध्ये नऊ पिना असतात. तीन जाड पिना मोटरच्या तीन फेजसाठी, पाच बारीक पिना मोटर कोणत्या स्थितीत आहे हे सांगणाऱ्या हॉल सेन्सरसाठी आणि एक वेग मोजण्यासाठी. कनेक्टरच्या दोन्ही भागांवर बाण असतात. ते समोरासमोर आणायचे आणि अजिबात न पिळता सरळ दाबायचे. घाईत वाकडे दाबले आणि एखादी पिन मुडपली, की मोटर धडधडते किंवा फिरतच नाही. कनेक्टरची ही रचना चांगली आहे आणि तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो ॲक्सलपासून वीतभर अंतरावर, हाताला येईल असा ठेवला असता, तर सायकलच्या कोणत्याही दुकानातील नवशिक्या पोऱ्यानेसुद्धा चाक काढून दिले असते. माझ्या सायकलवर तो थेट पेडलच्या आसाजवळ, फ्रेमच्या पोटाखाली, प्लॅस्टिकच्या झाकणाआड बसवला आहे. ते झाकण स्क्रूने नव्हे, डिंकाने चिकटवले आहे. तिथपर्यंत वायर केबल टायने इतकी आवळून नेली आहे की टाय कापल्याशिवाय बोटभरही ढील मिळत नाही. ज्याने ही सायकल आखली, त्याने आयुष्यात कधी मागचे चाक काढले असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

शेवटी ते काम मीच केले. टाय कापले, सुरीने डिंक खरवडला, कनेक्टर ओढला, अठरा नंबरच्या पान्याने दोन्ही बाजूंचे नट सैल केले. नटामागे एक वाकडा दात असलेले वॉशर असते, त्याचा दात फ्रेमच्या खाचेतच बसला पाहिजे. ते वॉशर ॲक्सलला स्वतःभोवती फिरू देत नाही. ते उलटे बसले किंवा नट सैल राहिला, तर पहिल्याच चढावर मोटर जोर लावते, चाकाऐवजी ॲक्सल गरकन फिरतो आणि त्यातून आलेली वायर पिळवटून तुटते. नट साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटरने आवळावा लागतो. ही माहिती पुस्तिकेत कुठेही नाही. पुस्तिकेत पानभर सूचना डिस्प्लेची भाषा कशी बदलावी यावर आहेत, आणि मागच्या चाकाबद्दल एकच वाक्य आहे: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा. ते अधिकृत केंद्र म्हणजे माझा विक्रेताच, आणि त्यानेच तर मला सायकलवाल्याकडे पाठवले होते!

मला चीड याची येते की हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी सुटलेला होता. हवेचे टायर सायकलला लागले तेव्हा ते रिमला चिकटवलेले असत आणि एक पंक्चर काढायला तासन्‌तास जात. मिशलिन बंधूंनी १८९१ साली रिमवरून उतरवता येणाऱ्या टायरचे पेटंट घेतले आणि त्याच वर्षी पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत ही लांब पल्ल्याची शर्यत शार्ल तेरों यांनी तशाच टायरवर जिंकली. ऑग्डेन बोल्टन यांनी अमेरिकेत मागच्या चाकाच्या मधोमध मोटर असलेल्या सायकलचे पेटंट घेतले ते १८९५ सालचे. म्हणजे काढता येणारा टायर आणि चाकातील मोटर या दोन्ही कल्पना एकाच दशकातील आहेत, आणि या दोघींना एकत्र नांदवण्यासाठी आजच्या कारखानदाराला वीतभर वायर आणि एक स्क्रू द्यावासा वाटत नाही. सायकलची सगळी थोरवी यातच आहे की ती कुठेही बंद पडली तरी एक पाना आणि एक पंप यांवर पुन्हा चालू लागते. त्या थोरवीवर डिंक ओतून कोणी तिला आधुनिक म्हणत असेल, तर मला ते मान्य नाही.

असे काही बोलले की दोन प्रकारची माणसे हमखास भेटतात. एक म्हणतात, मग सरळ स्कूटरच घ्यायची होती. दुसरे, घट्ट चड्डी घालून पहाटे निघणारे, म्हणतात की मोटर लावली म्हणजे ती सायकलच नव्हे. दोघांचाही मला मनापासून तिटकारा आहे, कारण दोघांनीही समोरून वारा असताना, पाठीवर सामान असताना, कामावरून थकून परतताना चढ चढलेला नसतो. ई-सायकलवर तोच चढ येतो तेव्हा पाय फिरत राहतात, श्वास लागतो पण तुटत नाही, आणि खाली पाहून दात-ओठ खाण्याऐवजी मान वर करून आजूबाजूला पाहता येते. गुडघे बोलू लागल्यावर मी सायकल सोडली होती. ती मला या मोटरने परत मिळवून दिली. म्हणूनच मी एवढी संतापते. वस्तू मुळातच भिकार असती तर टाकून दिली असती. ही वस्तू विलक्षण चांगली आहे आणि तिच्याबाबत पावलोपावली बेपर्वाई केली जाते.

आता विषय निघालाच आहे तर रेंजचेही, म्हणजे एका चार्जवर किती अंतर जाते याचेही, बोलू. माझी बॅटरी ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-अवर, म्हणजे ३६० वॉट-अवर. मध्यम मदतीवर चढउताराच्या रस्त्याने किलोमीटरमागे दहा ते बारा वॉट-अवर सहज जातात, तेव्हा तीस ते छत्तीस किलोमीटर हा प्रामाणिक आकडा झाला. खोक्यावर मात्र ऐंशी छापले आहे. ऐंशी गाठायला किलोमीटरमागे साडेचार वॉट-अवरमध्ये भागवावे लागेल, म्हणजे सपाट रस्ता, वारा नाही, स्वार हलका, वेग कमी आणि मदत सर्वांत खालच्या पातळीवर. हवेचा विरोध तोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेग थोडा वाढला तरी हिशेब कोसळतो. हे सगळे विकणाऱ्याला ठाऊक असते. खोक्यावर वॉट-अवरचा आकडा ठळक छापा, बाकीचा हिशेब गिऱ्हाईक करील. पण तो आकडा शोधायला बॅटरी बाहेर काढून तिच्या बुडाशी चिकटवलेले बारीक अक्षरांचे लेबल वाचावे लागते.

पेडलच्या सेन्सरचीही हीच कथा. माझ्या सायकलला चुंबकांची चकती असलेला केडन्स सेन्सर आहे. पेडल फिरते आहे की नाही एवढेच त्याला कळते, पायाचा जोर किती हे कळत नाही. परिणामी चढावर थांबून पुन्हा निघताना, जेव्हा मदत खरोखर हवी असते, तेव्हा मोटर विचार करत बसते, आणि गर्दीत हळू जायचे असते तेव्हा अचानक ढकलते. पायाचा जोर मोजून त्या प्रमाणात मदत करणारी सायकल यामाहाने १९९३ सालीच बाजारात आणली होती. जोर मोजणारा असा टॉर्क सेन्सर महाग पडतो हे मला समजते, पण कोणत्या सायकलला कोणता सेन्सर आहे हे विकताना स्पष्ट सांगायला काहीच खर्च येत नाही, आणि तेच कोणी सांगत नाही.

यावर उपाय म्हणून मी जमेल तेवढे बदल केले. टायर जाड आणि आतून पट्टी असलेला घेतला, ट्यूबमध्ये भोक आपोआप बुजवणारे सीलंट भरले, कनेक्टरचे डिंकाचे झाकण फेकून स्क्रूचे बसवले, ॲक्सलला फिरू न देणारा टॉर्क आर्म लावला. वर्तुळ न जोडलेली, दोन बंद टोकांची ट्यूबही मिळते; ती चाक न काढता बसवता येते, म्हणून एक कायम पिशवीत ठेवते. हे प्रत्येक काम समाधान देणारे होते आणि सायकल खरोखर सुधारली. मग मी मोठी बॅटरी घ्यायची ठरवली. व्होल्टेज तेच ३६, सेलची मांडणी तीच, ओळीने दहा, पूर्ण चार्ज झाल्यावर तेच ४२ व्होल्ट, बसायची खाच तीच, फक्त १० ऐवजी १४ अँपिअर-अवर. बॅटरी खट्‌कन बसली, आणि डिस्प्लेवर चूक दाखवणारा क्रमांक आला. कंट्रोलर बॅटरीकडे तिची ओळख मागतो, आणि ती कारखान्याच्या यादीत नसेल तर मोटर चालूच करत नाही.

सुरक्षिततेसाठी हे करावे लागते, असे उत्तर मला मिळाले. लिथियम बॅटरीच्या आगी खऱ्या आहेत आणि मी त्या हसण्यावारी नेत नाही. ३६ व्होल्टच्या बॅटरीला ५४.६ व्होल्टचा चार्जर लावणाऱ्याला मी स्वतः ओरडले आहे. पण जास्तीचा प्रवाह, जास्तीचा चार्ज आणि तापमान यांवर लक्ष ठेवणे हे बॅटरीच्या आतील बीएमएसचे, म्हणजे तिच्यावर देखरेख करणाऱ्या सर्किटचे, काम असते. ओळख क्रमांक विचारल्याने आतले सेल चांगले की वाईट हे कळत नाही, बॅटरी कोणाकडून विकत घेतली एवढेच कळते. युरोपीय संघाने २०२३ च्या बॅटरी नियमनात हे ओळखले आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून ई-सायकलसारख्या हलक्या वाहनांची बॅटरी, आणि तिच्यातील एकेक सेलसुद्धा, कोणत्याही स्वतंत्र तंत्रज्ञाला काढून बदलता आली पाहिजे, आणि दुसरी सुसंगत बॅटरी बसवण्यात सॉफ्टवेअरने आडकाठी करता कामा नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. तिथे विकायच्या सायकलींवरचे हे कुलूप आता कारखानदारांना काढावेच लागेल. मग इतर ठिकाणी विकायच्या त्याच सायकलींवर ते ठेवायचे कारण काय, हे मला त्यांच्याच तोंडून ऐकायचे आहे, आणि या वेळी ‘सुरक्षितता’ हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.