जर्मनीतलं माहेरपण

ताई जूनपासून रजेवर आहे. स्टुटगार्टला. हाड मोडलेलं नाही, ऑपरेशन नाही, कसली गाठबिठ नाही. सतरा वर्षं नोकरी, दोन मुलं, घरातलं सगळं स्वतःच्या हाताने, असं करता करता एका सकाळी ती बुटाच्या नाड्या बांधायला दारात बसली आणि तिथेच बसून राहिली. अर्धा तास. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, आराम.

हे नातेवाइकांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा कळलं की आपल्याकडे बाईच्या आरामाला कारण लागतं. "म्हणजे नक्की झालंय काय?" थकलीये, म्हटलं. "ते काय, आम्हीपण थकतो." आत्याने आवाज खाली आणून विचारलं, "दोघांचं बरंय ना गं?" मग मी 'बर्नआउट' असं नाव सांगितलं, तर भाचा गूगल करून म्हणतो, हा आजारच नाहीये. बरोबरच आहे त्याचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याला आजार न म्हणता कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलंय. झालं, आत्या जिंकली.

तिच्या ऑफिसात मात्र हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. तिथे दाखल्यावरून कंपनीला रजा कधीपर्यंत आहे एवढंच कळतं, काय झालंय ते कळत नाही. २०२३ पासून तर तो कागद नेऊनही द्यावा लागत नाही, आरोग्य विमावाल्यांकडून कंपनी परस्पर ऑनलाइन मागवते. पहिले सहा आठवडे पूर्ण पगार, मग विम्याकडून साधारण ७० टक्के. सहकाऱ्यांनी 'गूटे बेसरुंग', म्हणजे लवकर बरी हो, एवढं लिहिलं आणि गप्प बसले. आम्ही काय केलं? आम्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला.

पहिल्याच रविवारी व्हिडिओ कॉल. आपले संध्याकाळचे सात, म्हणजे तिकडे दुपारचे साडेतीन. नऊ जण एका स्क्रीनवर. अश्वगंधा घे, प्राणायाम कर, मोबाइल कमी बघ (हे मोबाइलवर), घरात बसू नको, घराबाहेर पडू नको. मावशी म्हणाली, "चेहऱ्यावरून तर काही वाटत नाही हो." ताई हसत होती. नंतर मला एकटीला तिचा मेसेज आला, 'कॉलसाठी केस धुतले गं. आता उठवत नाहीये.'

मला स्वतःची लाज वाटली. कॉल मीच ठरवला होता.

मग आम्ही दुसरं टोक गाठलं. तिला त्रास नको म्हणून कुणी फोनच करायचा नाही. चार दिवस पूर्ण शांतता. पाचव्या दिवशी ग्रुपवर ताई : 'मेले नाहीये मी.'

तेव्हापासून डोक्यात माहेरपण घोळतंय. आमची आजी तिच्या माहेरी जायची तेव्हा तिला कुणी विचारायचं का, काय झालं म्हणून आलीस? ती दहापर्यंत झोपायची, आयता चहा घ्यायची, दुपारी पुन्हा लवंडायची. भोवती घर आपलं चालू असायचं. कुणी शेंगा फोडतंय, कुणी भांडतंय, आणि ती त्यातच असायची, पण तिच्याकडून कुणाला काही नको असायचं. आपल्या बायकांना आराम ठाऊकच नव्हता असं म्हणतात, ते मला पटत नाही. ठाऊक होता, पण सासरच्या सोयीने मिळायचा आणि बाळंतपण सोडलं तर आठ-पंधरा दिवसांत आटपायचा. आता ते माहेरपण जर्मनीचा पेन्शन विमा करतोय. तिकडे त्याला 'रेहा' म्हणतात, म्हणजे माणूस पुन्हा उभा राहावा म्हणून केंद्रात राहून घ्यायचे उपचार. ताईला ब्लॅक फॉरेस्टमधल्या एका केंद्रात पाच आठवडे मिळालेत, खिशातून दिवसाला फार तर १० युरो. (आई सगळ्यांना सांगते, "ते केकवालं जंगल.") सकाळी चालणं, मग पाण्यातले व्यायाम, समुपदेशन, जेवण आयतं. सगळं आहे, फक्त शेंगा फोडणारं कुणी नाही.

माझं मत कुणाला कडू लागेल. आजाऱ्याला आपण 'कशी आहेस?' विचारतो ते बरेचदा आपला जीव भांड्यात पडावा म्हणून. त्याचं उत्तर तयार करायलाही ताकद लागते आणि नेमकी तीच संपलेली असते. म्हणून आमच्याकडे आता प्रश्न बंद. आईला चेहरा बघितल्याशिवाय चैन पडत नाही, तिला रविवारी पाच मिनिटं. बाकी रोज संध्याकाळी मी साधा फोन लावते, स्पीकरवर टाकते आणि ओट्यावर ठेवून देते. बोलायचं असलं तर ताई बोलते. नसलं तर मी आपली माझी कामं करते.

स्वयंपाकघरात आईने दुसरं घड्याळ लावलंय, जर्मनीचं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडचे काटे तासभर मागे गेले, तर आईही स्टुलावर चढून ते मागे करून आली. आता साडेतीनऐवजी साडेचार तासांचा फरक. कुकर तोच, पण ताईची दुपार अजून सरलेली नसते.

परवा मी मेथी निवडत होते. फोन ओट्यावर, वीसेक मिनिटं तिकडून चकार शब्द नाही. मध्ये श्वास जड झालेला ऐकू आला, म्हटलं झोपली. आई भाजीवाल्याशी दारात सुट्ट्यांवरून वाद घालत होती. कुकर वाजला, परत वाजला. माझं लक्ष मेथीतल्या गवतात.

फोनमधून झोपाळलेला आवाज आला, "तीन झाल्या गं, बंद कर."