‘कोरोना आपोआप गेला’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर तो मेसेज परत फिरायला लागलाय. दोन दिवसांत तीन ग्रुपवर मला तोच आला म्हणून शेवटी लिहायला बसले. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, त्यात असं म्हटलंय की कोणतीही साथ दोन-तीन वर्षांत आपोआप संपते, विषाणू हळूहळू मवाळ होतातच, मास्क-बिस्क सगळं वाया गेलं कारण तरीही दुसरी लाट आली, लस घेऊनही लोकांना कोरोना झाला म्हणजे लस फुकट, आणि आता तर डब्ल्यूएचओनेच संपलं म्हणून जाहीर केलंय तेव्हा माणसाच्या वागण्याचा साथीशी काडीचा संबंध नाही हे सिद्ध झालं. खाली हात जोडलेले आणि ‘सगळ्यांना पाठवा’.

ज्या काकांनी टाकला त्यांच्याबद्दल मला आदर आहे, राग त्यांच्यावर नाही. पण मी २१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय, २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षं पीपीई किट घालून इंदूरमध्ये घरोघरी स्वॅब घेत फिरलेय, त्यामुळे ‘माणसाच्या वागण्याचा संबंध नाही’ हे वाक्य मला गप्प बसून वाचवत नाही.

आधी ते ‘इतिहास बघा, साथ आपोआप जाते’. बघूया की इतिहास. १८९६ ला मुंबईत प्लेग आला तो दोन-तीन वर्षांत नाही गेला, वीस-पंचवीस वर्षं देशभर फिरत राहिला, इंदूरलाही आला. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला इथे बोलावलं होतं, १९१८ मध्ये त्यांचा शहराबद्दलचा अहवालही आला. त्यांचा दिवाळीच्या मिरवणुकीचा किस्सा जुन्या लोकांना माहीत असेल, त्यांनी सांगितलं की यंदा मिरवणूक ठरलेल्या रस्त्याने जाणार नाही, ज्या रस्त्यावरची घरं जास्त स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील तिथूनच जाईल. झालं, गल्लोगल्ली साफसफाई सुरू झाली. प्लेग पसरवणाऱ्या पिसवा उंदरांच्या अंगावरच्या, आणि उंदीर कचऱ्यात, मग घर आणि गल्ली साफ करणं हा त्या रोगावरचा इलाज नाही तर काय? आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा म्हणाल तर त्याची दुसरी लाट पहिलीपेक्षा कितीतरी भयंकर होती, भारतात एक कोटीहून जास्त माणसं गेली. ‘आपोआप’ या शब्दाच्या आत ही सगळी माणसं आहेत, एवढं तरी लक्षात ठेवा.

विषाणू मवाळ होतातच, हे दुसरं. नाही हो. देवीचा रोग हजारो वर्षं माणसात होता, शेवटपर्यंत त्याचा मोठा प्रकार दहातल्या तीन जणांना मारत होता, मवाळ वगैरे काही झाला नाही. गेला तो लसीने आणि घरोघरी जाऊन रोगी शोधणाऱ्या लोकांमुळे, भारतातली शेवटची केस १९७५ ची आणि जग देवीमुक्त जाहीर झालं १९८० ला. रेबीज तर अजूनही एकदा लक्षणं दिसली की जवळपास कोणी वाचत नाही. विषाणूला फक्त एका माणसातून दुसऱ्यात जायचं असतं. कोरोना माणूस आजारी दिसायच्या आधीच पसरतो, मग नंतर तो माणूस जगला काय, मेला काय, विषाणूला काही फरक पडत नाही.

‘पण ओमायक्रॉन सौम्यच होता ना?’ हे मला सगळेच विचारतात. डेल्टाच्या, म्हणजे दुसऱ्या लाटेतल्या कोरोनाच्या प्रकाराच्या मानाने, नंतर आलेला ओमायक्रॉन सौम्य होता, कारण तो फुप्फुसापेक्षा वरच्या श्वासनलिकेत जास्त वाढतो. पण २०२२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये हाँगकाँगमध्ये काय झालं ते बघा, तिथे ८० च्या वरच्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांनी लस घेतलीच नव्हती, आणि त्याच ‘सौम्य’ ओमायक्रॉनने तिथे लोकसंख्येच्या मानाने त्या वेळी जगात सगळ्यात जास्त मृत्यू झाले. त्याच सुमाराला न्यूझीलंडमध्येही ओमायक्रॉनच पसरला, पण म्हाताऱ्यांनी लस घेतलेली असल्यामुळे मृत्यू खूपच कमी. विषाणू तोच, फरक लोकांनी आधी काय करून ठेवलं होतं त्याचा.

आता मास्कवाला मुद्दा, यावर जरा जास्त लिहिते कारण मेसेजमधला सगळ्यात चुकीचा भाग हाच आहे. मेसेज म्हणतो, एवढं करूनही दुसरी लाट आली. अहो, पण दुसरी लाट यायच्या वेळी आपण ‘एवढं’ करत होतो का? सप्टेंबर २०२० मध्ये देशात रोज ९० हजारांच्या वर केसेस होत्या, फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या दहा-बारा हजारांवर आल्या आणि आपण सगळ्यांनी मनात ठरवून टाकलं की गेला. सरकारने नेमलेल्या तज्ज्ञांच्या समितीनेही ऑक्टोबर २०२० मध्ये अंदाज दिला होता की फेब्रुवारीपर्यंत साथ आटोक्यात येईल, पण त्यात अट होती की लोकांनी काळजी घेणं चालू ठेवलं तरच. फॉरवर्ड होताना ती अट गळून गेली. फेब्रुवारीतच आयसीएमआरचा, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, सर्व्हे आला, २१.५ टक्के लोकांच्या रक्तात अँटीबॉडी. म्हणजे पाचातल्या जवळपास चार जणांना अजून विषाणू भेटलेलाच नव्हता, आणि त्यांच्यात आपण मोकळे फिरत होतो, वर डेल्टा आला जो जास्त वेगाने पसरणारा होता. फक्त माणसांच्या चुकीने लाट आली असं मी म्हणणार नाही, डेल्टा नसता तर एवढी मोठी आली नसती. पण त्याला वाट मोकळी मिळाली ती आपल्याकडून.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी एका ओळखीच्या घरी सहस्रचंद्रदर्शनाला गेले होते. हॉल बंद, एसी चालू, दीडशे माणसं, ओवाळणं, पाया पडणं, पंगत. मास्क बहुतेकांच्या हनुवटीवर, माझाही पर्समध्ये होता, आणि मी तर लॅबवाली, मला कळायला हवं होतं. एप्रिलमध्ये त्याच घरी मी किट घालून स्वॅब घ्यायला गेले. आजोबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते, तोंड उघडायच्या आधी त्यांनी विचारलं, ‘पोरी, आज कितवं घर?’ एकोणिसावं होतं. कांडी नाकात घातली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते सगळ्यांनाच येतं, पण त्यांनी माझा हातमोजा घातलेला हात धरून ठेवला आणि सोडेचनात. आजोबा वाचले. त्यांचा मोठा मुलगा गेला, ५६ वर्षांचा. त्या घरात कोरोना कुठून आला हे मी सांगू शकत नाही, कार्यक्रमातून आला असंही म्हणत नाही, मध्ये बरेच दिवस गेले होते. पण तेव्हा सगळं शहरच तसं वागत होतं आणि मग दवाबाजारात, म्हणजे इथल्या औषधांच्या बाजारात, रेमडेसिवीर इंजेक्शनसाठी रांगा लागल्या, राधास्वामी सत्संगाच्या मैदानात ६०० खाटांचं सेंटर उघडावं लागलं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

वागण्याने फरक पडतो याचा सगळ्यात मोठा पुरावा तर कोरोनाचा नाहीच, फ्लूचा आहे. २०२०-२१ च्या सीझनला जगभर फ्लू जवळजवळ गायब झाला होता. आणि त्याची एक जात, बी यामागाता, मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलीच नाही, २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने सांगितलं की लसीत आता ती जात घालायची गरज नाही. विचार करा, त्या जातीला संपवायला कोणी निघालं नव्हतं, माणसं घरात राहिली, तोंड झाकलं, प्रवास थांबला आणि ती बहुधा कायमची गेली. मग कोरोना का नाही गेला? कारण फ्लूचा एक रोगी साधारण एकाला किंवा थोड्या जास्त जणांना देतो, सुरुवातीचा कोरोना दोघा-तिघांना देत होता, आणि त्याच्याविरुद्ध कोणाच्याच अंगात काही तयारी नव्हती. तेवढ्याच वागण्याने फ्लू मोडला, कोरोना फक्त मंदावला. पण मंदावला म्हणूनच लस येईपर्यंत वेळ मिळाला.

स्वीडनचं उदाहरण नेहमी देतात म्हणून एवढंच, तिथे ‘काहीच केलं नाही’ हे खोटं आहे. मार्च २०२० मध्येच ५० च्या वर लोक जमायला बंदी होती, मोठ्या मुलांचे वर्ग ऑनलाइन होते, लोक स्वतःहून बाहेर जाणं कमी करत होते. तरीही २०२० मध्ये शेजारच्या नॉर्वे-फिनलंडपेक्षा तिथे मृत्यूचं प्रमाण कितीतरी पट जास्त होतं.

लस घेऊनही कोरोना झाला, हो झाला, मलाही झाला. नाकात संसर्ग होऊ न देणारी अँटीबॉडी काही महिन्यांत कमी होते, पण गंभीर आजारापासून वाचवणारी शरीराची आठवण जास्त टिकते. लस त्यासाठी होती. २१ जून २०२१ ला इंदूरमध्ये एका दिवसात २ लाखांवर डोस दिले गेले, आपणच रांगेत उभे होतो ना? ते पण माणसाचं वागणंच आहे. मेसेज लिहिणाऱ्याने वागणं म्हणजे फक्त मास्क धरलाय.

आणि डब्ल्यूएचओचं. ५ मे २०२३ ला त्यांनी जागतिक आणीबाणी संपल्याचं सांगितलं, आणि त्याच वेळी हेही सांगितलं की धोका संपलेला नाही. विषाणू आहे, डिसेंबर २०२३ ला जेएन.१ हा त्याचा नवा प्रकार आपल्याकडे आला, २०२५ च्या मे-जूनमध्ये देशात परत थोड्या केसेस वाढल्या. घाबरायचं कारण नाही, मास्क लावून फिरा असंही मी म्हणत नाही, आपली रंगपंचमीची मिरवणूक, गेर, सुद्धा २०२२ पासून परत सुरू झाली आणि मी दरवर्षी बघायला जाते. पण ज्या शहराने २०१७ पासून ओला-सुका कचरा वेगळा करून देशात पहिला नंबर लावला, त्या शहराच्या ग्रुपवर ‘लोकांच्या वागण्याने काही होत नाही’ हे फिरावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

येत्या रविवारी मंडळाचा कार्यक्रम आहे, माझ्या सासूबाई येणार आहेत, ७९ वर्षांच्या, मागच्या वर्षी त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. हॉलवाल्यांना खिडक्या उघड्या ठेवायला मी सांगितलंय. ज्यांना सर्दी-ताप असेल त्यांनी कृपया मला फोन करा, डबा मी घरी पोचवते, आणि पुढच्या महिन्यात भेटू.