‘फ्री फ्लो बसवा, बाकी ईसीयू बघून घेईल’: या मेसेजचा एकेक दावा तपासून

बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर सायलेन्सरबद्दलचा एक मेसेज फिरून फिरून येतो. शब्द बदलतात, गाभा तोच: कंपनीचा सायलेन्सर इंजिनाचा गळा आवळतो, फ्री फ्लोने (आतून मोकळ्या सायलेन्सरने) 10 ते 15 टक्के ताकद वाढते, थोडं बॅक प्रेशर (वायूला अडवणारा उलटा दाब) ठेवा नाहीतर खालचा, म्हणजे कमी आरपीएमचा, टॉर्क जातो, इंजेक्शनच्या गाडीचा ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा संगणक) स्वतः शिकतो, ट्यूनिंग लागत नाही, फटाके वाजले म्हणजे ट्यूनिंग जमलं, डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडातला आवाज दाबणारा तुकडा) काढला की इंजिन मोकळं होतं, आणि बसवायला अर्धा तास पुरतो. यातलं काही साफ खोटं आहे, काही अर्धवट खरं. गाड्या बिघडतात त्या बहुधा अर्धवट खऱ्यामुळे, म्हणून तिथे जरा जास्त थांबू.

‘10 ते 15 टक्के ताकद वाढते’

गळा आवळलेला असलाच, तरी तो सहसा सायलेन्सरच्या शेपटीत नसतो. बेंड पाईपमधला (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या नळीतला) कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा भाग, एअरबॉक्सचं तोंड आणि कॅमचं टायमिंग, इंजिनाचा श्वास मुख्यतः या तिघांवर ठरतो. स्लिप-ऑन म्हणजे फक्त मागचा डबा बदलणं. कन्व्हर्टर बेंड पाईपमध्ये असेल तर या तिघांपैकी एकालाही हात लागत नाही. साध्या सिंगल सिलिंडर गाडीवर नुसत्या स्लिप-ऑनची वाढ बहुधा एक-दोन टक्क्यांतच घुटमळते. 20 बीएचपीच्या गाडीत दोन टक्के म्हणजे 0.4 बीएचपी. काहीही न बदलता तीच गाडी त्याच डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) दोनदा चढवली तरी एवढा फरक दिसू शकतो.

जाहिरातीतला आलेख दिसला की आधी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. ‘एसएई’ आणि ‘एसटीडी’ या दोन करेक्शनमध्ये (हवामानानुसार आकडा जुळवायच्या पद्धतींमध्ये) साधारण 4 टक्क्यांचं अंतर असतं आणि ‘एसटीडी’चा आकडा मोठा येतो. ‘आधी’ची रेघ एकात आणि ‘नंतर’ची दुसऱ्यात काढली, तर सायलेन्सरचा खोका न उघडताही ताकद वाढते. दोन्ही रन एकाच दिवशी, एकाच गिअरमध्ये, इंजिन सारखंच तापलेलं असताना घेतलेत का आणि ‘नंतर’च्या रनमध्ये नवा मॅप (ईसीयूमधला पेट्रोलचा तक्ता) गुपचूप घातलाय का, हेही विचारा.

स्लिप-ऑनचा खरा फायदा वजनाचा. टायटॅनियमची घनता 4.5, स्टेनलेसची जवळपास 8. धातूने ताकद वाढत नाही, गाडी हलकी होते. तेवढ्यासाठी घेत असाल तर खुशाल घ्या.

‘थोडं बॅक प्रेशर हवंच’

फोर स्ट्रोक इंजिनाला बॅक प्रेशर कधीच नको असतं. त्याला हव्या असतात वेळेवर परतणाऱ्या लाटा.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाची लाट पाईपमधून निघते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला 500 ते 600 मीटर असतो. पाईप जिथे एकदम रुंद होतो किंवा हवेत उघडतो, तिथून ती उलटी होऊन, म्हणजे ओढ घेऊन परत येते. दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असण्याच्या क्षणी ही ओढ पोचली, तर जळका वायू बाहेर खेचला जातो आणि ताजं मिश्रण आत येतं. तो क्षण केवढा? 6000 आरपीएमला एक फेरा 10 मिलिसेकंदांचा, म्हणजे 40 अंशांचा ओव्हरलॅप 1.1 मिलिसेकंदाचा. 3000 ला तोच 2.2. त्यामुळे एका लांबीचा पाईप ठरावीक आरपीएमलाच साथ देतो आणि दुसऱ्या एखाद्या आरपीएमला चुकीच्या वेळी दाब आणून खड्डा पाडतो. लांब पाईप खाली ओढतो, आखूड पाईप वर.

व्यासाचंही तसंच. 32 मिमी आतल्या व्यासाच्या जागी 38 मिमीचा बेंड पाईप आला, तर क्षेत्रफळ 41 टक्क्यांनी वाढतं आणि वायूचा वेग जवळपास 29 टक्क्यांनी पडतो. खालच्या आरपीएमला गाडी मेल्यासारखी वाटते ती यामुळे. लोक त्याला ‘बॅक प्रेशर गेलं’ म्हणतात आणि पाईपच्या तोंडात वॉशर वेल्ड करून घेतात. त्याने वरची ताकद जाते, खालची परत येत नाही. (टू स्ट्रोकचा फुगीर चेंबर मात्र मुद्दाम दाबाची लाट परत पाठवतो आणि निसटणारं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो.)

खालचा पिकअप जाण्याचं दुसरं, जास्त साधं कारण लीन मिश्रण, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. दोन्हींत फरक करायला एक्सलेटरच्या मुठीवर आणि शेजारच्या हाउसिंगवर टेपच्या खुणा करा. गाडी वेगवेगळ्या आरपीएमला, पण मुठीच्या त्याच खुणेवर अडखळत असेल, तर आधी मिश्रण तपासा. मूठ कितीही फिरवा, खड्डा त्याच आरपीएमला येत असेल तर दोष बहुधा पाईपच्या मापाचा.

‘ईसीयू स्वतः शिकतो, ट्यूनिंग नको’

ओटू (ऑक्सिजन) सेन्सरच्या गाडीत ईसीयू दुरुस्ती करतो हे खरं, पण ती आयडलला, एकसारख्या वेगाला आणि हलक्या थ्रॉटलला. साधा नॅरोबँड सेन्सर मिश्रण 14.7:1 च्या (14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल) अलीकडे आहे की पलीकडे एवढंच सांगतो: 0.45 व्होल्टच्या वर रिच (पेट्रोल जास्त), खाली लीन. किती, ते त्याला सांगता येत नाही. पूर्ण थ्रॉटलला ईसीयू सेन्सरकडे बघणं सोडून कंपनीने भरलेल्या मॅपवर चालतो, आणि फ्री फ्लोमुळे हवा वाढते ती नेमकी तिथे. काही ईसीयू खाली शिकलेलं वर थोडंफार वापरतात, तेही मर्यादेत.

शिवाय बहुतेक बाइकमध्ये हवा मोजणारा मीटर नसतो. हवेचा अंदाज थ्रॉटल आणि आरपीएमवरून, नाहीतर इनटेकमधल्या दाबावरून बांधला जातो. पहिल्या पद्धतीत सायलेन्सर बदलल्याचा ईसीयूला पत्ताच लागत नाही.

मोजायचं असेल तर वाइडबँड सेन्सर लागतो. तो कन्व्हर्टरच्या आधी, बेंड पाईपवर, आडव्या रेषेच्या किमान 10 अंश वर तोंड करून बसवा, म्हणजे पाणी साचून तो फुटणार नाही. शेपटीत खुपसलेला सेन्सर कमी आरपीएमला बाहेरची हवा हुंगतो आणि खोटं लीन दाखवतो. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (मिश्रणातली हवा भागिले पेट्रोल पुरतं जळायला लागणारी हवा) 0.87 ते 0.90 धरा. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर 14.7 हा आकडा खाली सरकतो, म्हणून एएफआरपेक्षा (हवा-पेट्रोल प्रमाणापेक्षा) लॅम्डा बरा. दुरुस्तीचं गणित सोपं आहे: मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला. 0.95 आला आणि 0.88 हवा असेल, तर मॅपच्या त्या कप्प्यात पेट्रोल 8 टक्के वाढवा आणि पुन्हा मोजा. क्लोज्ड लूपचा (ईसीयू सेन्सरचं ऐकून चालतो तो) भाग मात्र जसाच्या तसा सोडा. तिथे वाढवलेलं पेट्रोल ईसीयू सेन्सरचं ऐकून परत काढून घेतो, आणि मॅप लागला नाही म्हणून तुम्ही डोकं धरून बसता.

हवेच्या तापमानाच्या सेन्सरला लावायचा छोटा ‘बूस्टर प्लग’ हवा थंड असल्याची थाप मारतो. पेट्रोल वाढतं, पण हवं तिथे आणि नको तिथेही. त्याला ट्यूनिंग म्हणू नये.

कन्व्हर्टर काढून ॲव्हरेज वाढतं, हे त्याच मेसेजचं शेपूट. एकसारख्या वेगात इंजिनाला अडवतो तो अर्धवट मिटलेला थ्रॉटल, त्यामुळे कन्व्हर्टर काढून तिथे फारसं काही हाती लागत नाही. मागे दुसरा सेन्सर असेल तर पी0420 चा (कन्व्हर्टर काम करत नसल्याच्या कोडचा) दिवा लागतो, आणि कार्बन मोनॉक्साइड न जळता बाहेर पडतो तो वेगळाच.

कार्ब्युरेटरवाल्यांनी थ्रॉटलचे भाग पाडावेत. पहिला आठवा हिस्सा पायलट जेट आणि स्क्रूचा, पाव ते पाऊण नीडलचा, त्यापुढे मेन जेट. नीडलची क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर येते आणि मिश्रण रिच होतं. सुरुवात मेन जेटपासून, एका वेळी एकच माप वर.

‘फटाके वाजले म्हणजे ट्यूनिंग जमलं’

एक्सलेटर सोडल्यावर फटफटणं म्हणजे सिलिंडरमध्ये न जळलेलं मिश्रण तापल्या पाईपमध्ये पेटणं. कारणं तीन: पायलट लीन, सेकंडरी एअरच्या (धूर जाळायला एक्झॉस्टमध्ये हवा सोडणाऱ्या सोयीच्या) रीड व्हॉल्व्हमधून येणारी ताजी हवा, किंवा सांध्यातली गळती. गळती सगळ्यात फसवी. लाटेच्या ओढीने सांध्यातून बाहेरची हवा आत शिरते, सेन्सरला मिश्रण लीन वाटतं आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. गाडी रिच चालते, प्लग काळा पडतो, आणि मेकॅनिक इंजेक्टर साफ करत बसतो.

‘डीबी किलर काढला की इंजिन मोकळं होतं’

मोकळं होतो तो आवाज. 3 डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. 85 डेसिबलला कानाला आठ तास चालतात, 94 ला एकच. डब्याच्या आतल्या नळीभोवतीची ग्लासवूल जळाली तरी आवाज फाटतो आणि डब्याला बाहेरून चटका बसतो. तेव्हा नवा सायलेन्सर नको, पॅकिंग बदला.

‘अर्ध्या तासात कुणीही बसवेल’

बसतो, पण क्रम चुकला तर काही आठवड्यांनी हेडचा स्टड तुटतो किंवा वेल्डला चीर जाते. स्टडना आदल्या दिवशी भेदक तेल मारून ठेवा. हेडकडचं गॅस्केट नवंच घ्या, जुनं एकदा दाबलं गेलं की पुन्हा नीट बसत नाही. सगळं आधी हाताने सैल लावा. मग हेडचे नट आलटून-पालटून कसा, नंतर मधला क्लॅम्प आणि ब्रॅकेट शेवटी. ब्रॅकेट आधी आवळला तर पाईप ताणात राहतो. सांध्याला साधं सिलिकॉन फासू नका, त्याची वाफ ओटू सेन्सर निकामी करते. सेन्सरच्या भोकाचे आटे बहुधा एम18 असतात, काही छोट्या गाड्यांत एम12, खरेदीआधी मोजा. बोटांचे ठसे स्पिरिटने पुसा, नाहीतर ते धातूवर भाजले जातात.

इंजिन गार असताना शेपटीत ब्लोअर धरून सांध्यांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडा आला तिथे गळती. पहिल्या 100 किलोमीटरनंतर इंजिन गार करून नट पुन्हा तपासा, कारण गॅस्केट दबलेलं असतं आणि पहिला नट हमखास थोडा फिरतो.