सरसकट 'आधी सी' नको
प्रोग्रामिंग शिकणाऱ्याने 'आधी सी ही भाषा, मगच बाकीच्या' असं एका लेखात म्हटलंय; ते सरसकट पटत नाही. सीमध्ये स्कॅनएफ (कीबोर्डवरून किंमत वाचणारं फंक्शन) लिहिताना व्हेरिएबलआधीचं अँपरसँड (& चिन्ह) राहिलं, तरी प्रोग्राम बहुधा कंपाइल होतो आणि चालवल्यावर कोसळतो. फंक्शनला हवा असतो व्हेरिएबलचा मेमरीतला पत्ता, आपण देतो त्यातली किंमत. पॉइंटर (असा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) अजून शिकवलेलाच नाही, तर नवख्याने हे शोधायचं कसं? त्यात कॉलेजात टर्बो सी हा जुना कंपायलर असेल तर बघायलाच नको: तिथे इंट (पूर्णांकाचा प्रकार) १६ बिटांचा, ३२७६७ मध्ये एक मिळवला की -३२७६८!

त्यापेक्षा सुरुवातीला पायथन ही भाषा घ्या, पण आवृत्ती ३ च. २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला; जुन्या नोट्समधला बिनकंसाचा प्रिंट ३ मध्ये एरर देतो. विंडोजवर इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत 'ॲड टू पाथ' (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतो ती यादी) यावर टिक करा, नाहीतर कमांड प्रॉम्प्टला पायथन सापडत नाही. सगळ्यांचं घोडं अडतं ते 'इनपुट' या फंक्शनपाशी. ते कायम स्ट्रिंगच (मजकूरच, संख्या नव्हे) देतं, म्हणून ५ आणि ३ ची बेरीज ५३ येते. आलेली किंमत आधी इंट() मध्ये घालून संख्या करून घ्या. इंडेंटला (ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेला) चार स्पेस, त्यात टॅब मिसळू नका.

अर्डुइनो या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाशीच खेळायचं असेल तर मात्र सी++ च्या वळणाचं लिहावंच लागेल. आणि वेबपेजच करायचं असेल तर जावास्क्रिप्ट: क्रोममध्ये एफ१२ दाबा, कन्सोल (कोड लिहून लगेच चालवायची जागा) उघडा, लिहायला लागा.