विज्ञानाला पैसे देण्याची वेळ आलीच तर

आंतरराष्ट्रीय विज्ञान प्रकल्पाच्या समितीवर देशाचे प्रतिनिधी म्हणून तुमची वर्णी लागली? अभिनंदन. आता आधी तिजोरीची किल्ली कनवटीला लावा.

पहिल्याच बैठकीत विचारा, "याचा उपयोग काय?" शास्त्रज्ञ प्रामाणिक असला तर म्हणेल, "अजून सांगता येत नाही." झालं, तिथेच फाइल मिटवा. एखादा आगाऊ सदस्य ऐकवेल की वर्ल्ड वाइड वेब १९८९ साली सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेतच सुचलं. डगमगू नका. त्याच सर्नने १९९३ मध्ये ते जगाला फुकट देऊन टाकलं, याची आठवण करून द्या. असल्या उधळ्यांच्या हाती पैसा द्यायचा?

द्यावंच लागलं, तर रोकड देऊ नका, सुटे भाग द्या. फ्रान्समधल्या इटर या अणुसंमीलन (हलके अणू जोडून ऊर्जा मिळवण्याच्या) प्रकल्पात ही कला कळसाला पोहोचली आहे. सदस्य ७, आणि प्रत्येकाच्या कारखान्यांना काम हवं. म्हणून हे संमीलन जिथे घडायचं ते निर्वात पात्र एकच, पण त्याचे तुकडे ९: ५ युरोपचे, ४ दक्षिण कोरियाचे. पुढे जोडाच्या कडा मापात बसेनात, दुरुस्ती निघाली, वेळापत्रक लांबलं. ते वेल्डर बघून घेतील. आपल्या उद्योगाला ऑर्डर मिळाली ना?

भागीदारांची कटकटच नको असेल, तर अमेरिकेचा कित्ता गिरवा. टेक्सासमध्ये ८७ किलोमीटर घेराचा सुपरकंडक्टिंग सुपरकोलायडर (कणांची टक्कर घडवणारं यंत्र) त्यांनी "आमचा" म्हणून काढला. परदेशी मदत येईल असं धरून चालले होते, ती फारशी आलीच नाही. सुमारे २ अब्ज डॉलर खर्चून आणि २० किलोमीटरहून अधिक बोगदा खणून झाल्यावर १९९३ मध्ये अमेरिकी संसदेला काटकसर आठवली आणि प्रकल्प गुंडाळला. (खणण्याआधी काटकसर केली असती तर कुणाला दिसली असती?) ज्याच्या शोधासाठी हेही यंत्र होतं, तो हिग्ज बोसॉन हा मूलकण २०१२ मध्ये सर्नच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात सापडला, हा विषय चारचौघांत काढू नये.

श्रेयाची चिंता सोडा. हिग्जच्या वस्तुमानावरच्या २०१५च्या शोधनिबंधाला ५,१५४ लेखक आहेत. पानं ३३, त्यातली २४ नुसती नावं आणि संस्था.

जॉर्डनमधल्या सेसमी या सिंक्रोट्रॉनपासून (संशोधनासाठी प्रखर क्ष-किरण देणाऱ्या सामायिक यंत्रापासून) मात्र चार हात लांब राहा. २०१७ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, तेव्हा इराण आणि इस्रायल दोघेही सदस्य होते. राजदूत ज्यांच्याकडे बघत नाहीत, त्यांच्याशी शास्त्रज्ञ क्ष-किरणांच्या पाळ्या ठरवत बसतात. अशा जागी वैर टिकवणं फार अवघड जातं. सदस्य झालातच, तर निदान वर्गणी तरी थकवा.