दोन हजार वॅटचं करणार काय?

ठाण्याच्या घोडबंदर रोडवरल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर दिवाळीच्या साफसफाईआधी एक मेसेज हमखास फिरतो: व्हॅक्यूम क्लीनर २००० वॅटच्या खाली घेऊ नका, बॅगवाला नको, सायक्लोनवाला (बॅगेऐवजी डब्यात हवा फिरवून धूळ वेगळी करणारा) घ्या, त्याची ओढ कधीच कमी होत नाही, हेपा (अगदी बारीक धूळ अडवणारा फिल्टर) लिहिलं असेल तर धूळ बाहेर येत नाही, आणि जड तोच टिकाऊ.

आधी वॅट. हा आकडा मोटर किती वीज खाते ते सांगतो, धूळ किती ओढते ते नाही. युरोपीय संघाने २०१४ मध्ये १६०० आणि २०१७ मध्ये ९०० वॅटची मर्यादा घातली. म्हणून तिथल्या लोकांनी काही केरसुण्या हातात घेतल्या नाहीत. खरी ताकद ठरते दाबातला फरक गुणिले वाहणारी हवा या हिशेबाने. दुकानात नळी तळहाताला चिकटवून दाखवतात ना, तेव्हा दाब सर्वाधिक असतो, पण हवा वाहतच नाही, म्हणजे काम शून्य! चाकांच्या डब्याला लांब नळी जोडलेल्या यंत्रात तर नळीच निम्मा खेळ बिघडवते. ३५ ऐवजी ३२ मिलिमीटरची नळी लावली, तर तेवढीच हवा नळीतून ओढायला साधारण दीडपट दाब लागतो. डिझाइन सुधारायचं तर इथे: रुंद नळी, कमी वळणं, फरशीला नीट बसणारं तोंड. शिवाय २००० वॅट म्हणजे २३० व्होल्टला जवळपास ९ अँपिअर. हॉलमधला लहान सॉकेट ६ अँपिअरचा. मग किचनमधून एक्स्टेन्शन ओढत बसा.

सायक्लोनची गोष्ट अर्धी खरी आहे. केस, खडे, जाड कचरा तो गरागरा फिरवून झकास वेगळा करतो. पण बांधकामाची पिठासारखी धूळ त्यातून निसटून मागच्या फिल्टरवर बसते, आणि घोडबंदरला तीच तर जास्त. फिल्टर चोंदला की ओढ गेली. तो धुवा म्हणतात. पावसाळ्यात वाळणार कधी? ओलाच बसवला की घरभर कुबट वास. डबा रिकामा करताना अर्धी धूळ पुन्हा आपल्याच नाकात जाते, ते वेगळंच. बॅगचा खर्च आहे, मान्य. पण चांगल्या कापडी थरांची बॅग स्वतःच फिल्टरचं काम करते आणि तोंड बंद करून सरळ कचऱ्यात जाते. दम्याचा माणूस घरात असेल तर मी बॅगच घेईन.

हेपाबद्दल एवढंच: फिल्टर कितीही बारीक असो, झाकणाची रबरी पट्टी सैल असेल तर हवा फिल्टरला वळसा घालून बाहेर पडते. खोक्यावर फिल्टरचा दर्जा छापतात. पूर्ण यंत्र हवाबंद आहे का, ते विचारा.

आणि जडपणा? यंत्र बाल्कनीच्या उंबरठ्यावरून ओढून बघा. चाकं लहान असतील तर दर वेळी अडकेल, उलटेल, आणि आपण नळीला हिसका देऊ. मग तडा जातो तो नळीच्या जोडातच.