कॅप्चा बरोबरच होता, आत्या!

गेल्या दोन महिन्यांत हा मेसेज मला तीन ग्रुपवर आला: सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या आणि घरच्या. सुरुवातीला लाल दिवा आणि ‘सावधान!’. मजकूर थोडक्यात असा: कुठल्याही वेबसाइटवर कुकीजची परवानगी विचारणारी पट्टी येते, तिच्यात ‘ॲक्सेप्ट ऑल’ दाबलं की तुमचे फोटो, कॉन्टॅक्ट आणि ओटीपी कंपनीकडे जातात. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सगळ्या कुकीज कायमच्या बंद करा. नेट इनकॉग्निटोमध्येच, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीतच, वापरा, म्हणजे कोणालाच काही दिसत नाही. नकाराचं बटण कंपन्या मुद्दाम लपवतात. दर रविवारी ब्राउझरचा सगळा डेटा उडवा. आणि हे दहा जणांना पाठवा.

माझ्या आत्याने तो दहा जणांना पाठवायच्या आधी अमलात आणला, म्हणून हे लिहायला बसलो.

‘ॲक्सेप्ट दाबलं की फोटो, कॉन्टॅक्ट, ओटीपी जातात.’ नाही जात. कुकी म्हणजे वेबसाइटने तुमच्या ब्राउझरकडे ठेवायला दिलेली चार ओळींची चिठ्ठी. 1994 मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीतल्या लू माँटुलीने ही युक्ती काढली, कारण वेबला मुळात स्मरणशक्तीच नाही. प्रत्येक क्लिकला तुम्ही नवखे. देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळतो तो बिल्ला आठवा. बिल्ला दाखवला की तुमची चप्पल मिळते, पण बिल्ल्यामुळे स्टँडवाल्याला तुमच्या खिशात हात घालता येत नाही. कॅमेरा, लोकेशन, नोटिफिकेशन यांची परवानगी ब्राउझर वेगळी विचारतो, वेगळ्या चौकटीत.

आणि खरा त्रास त्या दुसऱ्या चौकटीतून येतो. आतोबांच्या फोनवर दिवसभर ‘तुमच्या फोनमध्ये 5 व्हायरस सापडले’ असं वाजायचं. त्यांनी कधीतरी कुठल्याशा पाककृतीच्या पानावर नोटिफिकेशनला ‘अलाउ’ दाबलं होतं. व्हायरस एकही नव्हता. क्रोमच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनच्या यादीत अशा सात साइट निघाल्या. त्या काढल्या आणि फोन गप्प झाला. त्या मेसेजमध्ये याबद्दल अवाक्षर नाही.

‘सगळ्या कुकीज कायमच्या बंद करा.’ इथेच आत्या अडकली. तिच्या आयपॅडवर सफारीत ‘ब्लॉक ऑल कुकीज’ नावाचं बटण आहे, ते तिने चालू केलं. साइट नीट चालणार नाहीत असा इशारा तिथे येतो. तो तिने, आपण सगळेच करतो तसा, न वाचता पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी बिल भरायला बसली. पासवर्ड बरोबर, कॅप्चा टाकला, तर ‘कॅप्चा चुकीचा आहे’. परत टाकला, परत चुकीचा. पाचव्या खेपेला तिने मला फोन केला, पण बिलासाठी नव्हे. ‘अरे, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं. शून्य आणि ओ यांतला फरकच कळत नाहीये.’

नंबर वाढला नव्हता. कॅप्चा दाखवताना त्या साइटचा सर्व्हर योग्य उत्तर एका बिल्ल्याच्या नावावर लिहून ठेवतो. बिल्लाच घ्यायला नकार दिला, तर उत्तर घेऊन परत येणारी आत्या त्याच्या लेखी कोणी तिसरीच बाई. तिचं उत्तर जुळणार कशाशी? लॉगिन, खरेदीची टोपली, पानाची निवडलेली भाषा, सगळं याच एका धाग्यावर लटकलेलं असतं. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये तर ‘सर्व कुकीज’ या पर्यायापुढे कंसात स्पष्टच लिहिलंय की याने वेबसाइट मोडतील.

यातली गंमत अशी की ‘मला कुकीज नकोत’ हे तुमचं उत्तरसुद्धा बहुतेक साइट कुकीतच लिहून ठेवतात. सगळ्याच बंद केल्या की तोच प्रश्न दर भेटीला नव्याने विचारला जातो. ज्या पट्टीचा वैताग, तिचीच वाढ.

मग बंद काय करायचं? तिसऱ्याच्या कुकीज, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटच्या नव्हे, तर तिच्या पानावर बसलेल्या दुसऱ्याच कंपनीच्या. पुन्हा चप्पल स्टँडकडे या: गावातल्या सगळ्या देवळांबाहेरचे स्टँड एकाच ठेकेदाराचे असतील आणि तो सगळीकडे एकच बिल्ला चालवत असेल, तर तुम्ही कुठल्या देवळात कधी जाता हे त्याला घरबसल्या कळेल. जाहिरात कंपन्या हेच करतात. सकाळी एका दुकानात पैठणी पाहिली की दुपारी पंचांगाच्या पानावर तीच पैठणी हजर. हा ठेकेदार अडवला तरी बिल भरणं सहसा अडत नाही. सफारी त्याला 2020 पासून आपणहून अडवतो. फायरफॉक्स 2022 पासून प्रत्येक साइटवरच्या कुकीज वेगळ्या बरणीत ठेवतो, म्हणजे एकीकडचा बिल्ला दुसरीकडे चालत नाही. गूगलने क्रोममधून या कुकीज काढू असं 2020 मध्ये जाहीर केलं, तारखा पुढे ढकलल्या आणि 2024 मध्ये बेत सोडला. त्यामुळे क्रोमवाल्यांनी ‘थर्ड पार्टी कुकीज’ हा पर्याय स्वतः जाऊन पाहावा. एखाद्या साइटवर पेमेंटची खिडकी किंवा दुसऱ्या साइटच्या खात्याने लॉगिन अडलंच, तर तेवढ्या साइटपुरती सूट देता येते. त्यासाठी सगळी दारं उघडावी लागत नाहीत.

‘इनकॉग्निटोत कोणालाच काही दिसत नाही.’ घरातल्यांना दिसत नाही, एवढंच. खिडकी बंद केल्यावर हिस्टरी आणि कुकीज तुमच्या यंत्रावरून जातात. ती साइट, ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट पुरवणारी कंपनी यांना जे दिसायचं ते दिसतंच. याच गैरसमजावरून अमेरिकेत 2020 मध्ये गूगलवर खटला झाला आणि 2024 च्या तडजोडीत कंपनीने अब्जावधी नोंदी नष्ट करायचं कबूल केलं. शिवाय कुकीविनाही ओळख पटते: स्क्रीनचा आकार, फॉन्ट, टाइम झोन अशा गोष्टींवरून. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने 2010 मध्ये केलेल्या पाहणीत 83.6 टक्के ब्राउझर इतरांपेक्षा वेगळे ओळखता आले. सेटिंगमध्ये जितके विचित्र फेरफार कराल तितके गर्दीत उठून दिसाल, हेही लक्षात घ्या.

‘नकाराचं बटण मुद्दाम लपवतात.’ मेसेजमधलं हे एक वाक्य खरं आहे, आणि त्याबद्दल मला त्या अज्ञात लेखकाचं कौतुक वाटतं. ‘स्वीकारा’ ठसठशीत निळं आणि ‘नाकारा’ फिकट राखाडी, तेही तीन पानं आत. फ्रान्सच्या डेटा संरक्षण संस्थेने जानेवारी 2022 मध्ये नेमक्या याच कारणासाठी दंड जाहीर केले: गूगलला 15 कोटी युरो, फेसबुकला 6 कोटी. होकार एका क्लिकचा, तर नकारही तेवढाच सोपा हवा, हा मुद्दा. त्यानंतर गूगलने युरोपात ‘सर्व नाकारा’ बटण दिलं.

आपल्याकडेही ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये अशा 13 फसव्या क्लृप्त्यांची यादी काढली आहे. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती विनाअट हवी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं म्हटलंय. संमतीची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय द्यावा लागेल. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्यांना त्यापुढे 18 महिन्यांची मुदत आहे. तोवर ‘नाकारा’ समोरच दिसलं तर मी ते दाबतो. शोधावं लागलं आणि पान एकदाच वाचायचं असलं, तर पट्टी तशीच ठेवून वाचतो. पुष्कळदा ती तशीच राहिली तरी चालतं.

‘दर रविवारी सगळा डेटा उडवा.’ मग दर सोमवारी प्रत्येक ठिकाणी पासवर्ड आणि ओटीपी. कोणाला हौस असेल तर करावं.

आत्याच्या आयपॅडवरचं ते बटण मी फोनवर सांगून बंद करवलं. कॅप्चा पहिल्या फटक्यात लागला, बिल भरलं गेलं. नेत्रतज्ज्ञाची अपॉइंटमेंट तिने आधीच घेतली होती. ती रद्द करायला मात्र तयार नव्हती.